दांडिया बाजार ते टोरांटो: बालमित्रांच्या दूरच्या प्रेमावर पहिली कादंबरी लिहिताना

बडोद्यातल्या कुठल्याही मराठी घरात विचारा, शेजारचं कोणी ना कोणी परदेशी गेलेलं निघतंच. त्यामुळे नव्याने लिहायला बसलेल्या माणसाला ही गोष्ट आयती मिळाल्यासारखी वाटते. एका वाड्यात वाढलेले दोघं, एक जातो, एक राहतो, मधे प्रेम. उत्साहाने सुरुवात होते आणि चाळीस पानांवर लिखाण बसतं. बालपणाचं गोड गोड लिहून झालेलं असतं, विमानतळावर रडून झालेलं असतं, आणि पुढे काय घडवावं ते सुचत नाही. सुचणार कसं? दोन माणसं दोन खंडांत बसून एकमेकांची आठवण काढताहेत, यात घडण्यासारखं काही नाहीच.

माझ्या मते गाडी अडते ती एकाच ठिकाणी. लहानपणी या दोघांना एकमेकांचं सगळं न सांगता कळत होतं. कोणाच्या घरी भांडण झालं, कोणाचा गणिताचा पेपर बुडाला, कोणाच्या आजीला दवाखान्यात नेलं. वाड्यात कोणाला काही विचारावं लागत नाही. अंतर पडलं की तीच प्रत्येक गोष्ट सांगावी लागते. सांगायची म्हटली की काय सांगायचं, कधी सांगायचं आणि काय गिळून टाकायचं, हे ठरवणं आलं. तुमची कादंबरी त्या गिळून टाकलेल्या भागात आहे. पुढच्या पायऱ्या तो भाग हाती लागावा म्हणून आहेत.

उदाहरणाला एक जोडी धरू. रेवा आणि मिहिर, दोघं 1986 चे, दांडिया बाजारातल्या एकाच वाड्यातले. मिहिरच्या वडिलांचा रावपुऱ्यात लग्नपत्रिका छापायचा छोटा छापखाना. रेवा 2009 मध्ये शिकायला टोरांटोला जाते, मिहिर मागे राहतो. जाणारी मुलगी आणि राहणारा मुलगा हे मुद्दाम घेतलंय. उलटं आपण सगळ्यांनी पुरेसं वाचलंय.

पायरी पहिली: आधी सालं, मग नावं

नव्या लेखकाचा पहिला आठवडा पात्रांची नावं ठरवण्यात जातो. तो सालं ठरवण्यात घालवा. दूरच्या प्रेमाची गोष्ट म्हणजे निरोप पोचण्याची गोष्ट, आणि निरोप कसा पोचतो हे सालावर अवलंबून. 1988 मध्ये दुरावलेल्यांना आंतर्देशीय पत्र आणि एसटीडी बूथ आहे. बूथमध्ये काचेच्या दाराआड उभं राहिलं की लाल आकडे पळताना दिसतात, रात्री उशिरा दर उतरतात म्हणून बाहेर रांग असते आणि बूथवाला गल्लीतलाच असतो. भारतात मोबाइल 1995 मध्ये आला, पण येणारे कॉल फुकट झाले 2003 मध्ये. त्याआधी मिस्ड कॉलचा अर्थ वेगळा आणि कॉल उचलण्याचा खर्च वेगळा. व्हॉट्सॲपच्या निळ्या खुणा 2014 च्या नोव्हेंबरात आल्या. त्याआधीच्या प्रसंगात ‘तिने वाचलं, पण उत्तर दिलं नाही’ हे मिहिरला खात्रीने कळू शकत नाही. पाठवलेला मेसेज दोन्हीकडून पुसायची सोय 2017 च्या शेवटी आली. अशा एकेका तारखेवर एकेक प्रकरण उभं राहतं किंवा कोसळतं.

शहराचीही सालं हवीत. आपली जोडी 1986 ची, म्हणजे 26 जानेवारी 2001 ला ती चौदा-पंधरा वर्षांची. त्या सकाळी पावणेनऊच्या सुमाराला कच्छचा भूकंप बडोद्यातही जाणवला, आणि प्रजासत्ताक दिन म्हणजे पोरं झेंडावंदनाला. पुढच्याच वर्षी दंगली आणि संचारबंदी. 2002 सालातून पात्रांना अलगद उचलून 2003 मध्ये ठेवणारा लेखक बडोद्याच्या वाचकाला लगेच ओळखू येतो. प्रकरण लिहा असं मी म्हणत नाही, पण त्या महिन्यांत ही दोघं कुठे होती, कोणाच्या घरात कोण आलं, काय बोलायचं बंद झालं, एवढं तुम्हाला ठाऊक हवं.

एक सापळा सांगून ठेवतो. सूरसागरच्या मध्यावरचा उंच शंकर 2002 मध्ये पुरा झाला. 1994 मध्ये तुमची आठ वर्षांची पात्रं तळ्याच्या कठड्यावर बसली असतील, तर त्यांच्यापुढे नुसतं पाणी आहे.

पायरी दुसरी: अंतर मोजून घ्या

‘दूर’ म्हणजे किती? मुंबई चारशे किलोमीटरच्या आत आहे, सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला पोचतो. पुण्याला रात्रीची गाडी आहे. तुमचा नायक पुण्यात आणि नायिका बडोद्यात असेल आणि दोघं दोन वर्षं भेटलेच नसतील, तर वाचक एकच प्रश्न विचारेल: तिकीट का काढत नाही? या प्रश्नाला पैशांचं, घरातल्या आजारपणाचं, अबोल्याचं, काहीतरी ठोस उत्तर द्या किंवा त्यांना भेटू द्या. जवळच्या अंतरात न भेटणं ही मोठी गोष्ट असते, आणि मला विचाराल तर परदेशापेक्षा ती लिहायला जास्त मजेची आहे.

परदेश घेतला तर घड्याळ हे तुमचं मुख्य हत्यार. टोरांटो आणि बडोदा यांच्यात उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक, हिवाळ्यात साडेदहा. तिकडे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. याचं प्रसंगात काय होतं बघा. रेवा जेवणाच्या सुट्टीत बारा वाजता फोन करते. उन्हाळ्यात तेव्हा बडोद्यात रात्रीचे साडेनऊ असतात. मिहिरच्या घरी टीव्ही मोठ्याने चालू, आई ओटा आवरतेय, कोणाचं कोणाकडे लक्ष नाही. नोव्हेंबर उजाडला की तोच फोन साडेदहाला येतो. दिवे मालवलेले, वडील पुढच्या खोलीत झोपलेले आणि त्यांची झोप हलकी. मिहिरला फोन घेऊन अगाशीवर, म्हणजे गच्चीवर, जावं लागतं. तिथे शेजारच्या अगाशीवरून ऐकू जातं, म्हणून तो कमी बोलतो. रेवाला इतकंच जाणवतं की दिवाळीनंतर हा तुटक झालाय. कोणाचीही चूक नाही, कोणी तिसरं माणूस आलेलं नाही, फक्त एक तास सरकला. नव्या लेखकाला अशा वेळी ‘गैरसमज’ पेरायला एखादी मत्सरी मैत्रीण आणावीशी वाटते. तिची गरजच उरत नाही.

पायरी तिसरी: बालपणाला तीनच जागा द्या

बडोद्यात जागांची चंगळ आहे आणि तीच नडते. लक्ष्मी विलास पॅलेस, न्यायमंदिर, मांडवी, खंडेराव मार्केट, कीर्तिमंदिर, कमाटीबाग, सगळं पहिल्या तीन प्रकरणांत आलं की पर्यटन खात्याची पुस्तिका तयार होते. तीन जागा निवडा आणि त्यांच्याकडे पुनःपुन्हा जा. एक घरातली, एक रस्त्यावरची, एक अशी की जिथे मोठी माणसं फारशी फिरकत नाहीत.

तिसऱ्या जागेसाठी दोन सुचवतो. कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे आणि इजिप्तची ममीही. लहान मुलांना दोन्हींची भीती आणि ओढ सारखीच; ममीच्या खोलीत एकटं जायची पैज बडोद्यातली मुलं लावतातच. दुसरी जागा म्हणजे मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी. सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये सार्वजनिक वाचनालयांचं जाळं उभारायला घेतलं, त्यातली ही. लोखंडी कपाटांच्या मजल्यांना तिथे जाड काचेची जमीन आहे. वर कोणी चालत असेल तर खालच्याला पावलांच्या सावल्या दिसतात. कोणाच्या सावल्या हे चालीवरून ओळखणारा मुलगा तुम्हाला हवाय की नको, ते ठरवा.

या जागांवर काय घडवायचं? आठवणीत रमण्यासारखं नको. दोघांना एकमेकांचं न बोलता कसं कळतं ते दिसावं, असं हवं. उत्तरायणाचं घ्या. 14 जानेवारीला बडोद्याचं अर्धं शहर अगाशीवर असतं. रेवा पतंग उडवते, मिहिर मागे फिरकी धरून उभा. तिच्या बोटांना चिकटपट्टी गुंडाळलेली, तरी मांज्याने पेरावर लाल रेघ उमटलेली. पेच लागतो. ती ढील देणार की खेंच मारणार हे तिने त्याला सांगायचं नसतं. तो तिच्या कोपराकडे बघतो. कोपर सैल पडलं की फिरकी हातात मोकळी सोडायची, दांडे तळहातांवर गरागरा फिरू द्यायचे. कोपर मागे आलं की धरायची. पलीकडचा पतंग कापला गेला की अगाशीभर ‘काप्यो छे!’, आणि मिहिर मुकाट्याने उरलेली दोरी गुंडाळत बसतो. दहा ओळींत तुम्ही दाखवलंत की या मुलाला तिच्या कोपरावरून तिचा बेत कळतो. पुढे दोनशे पानांत त्याला ते कोपर दिसणार नाहीये. हे वाक्य कादंबरीत लिहू नका. वाचकाला फिरकी आठवेल.

पायरी चौथी: मैत्रीचं प्रेम नेमकं कधी होतं

हे प्रकरण सगळ्यात कच्चं निघतं. सहसा असं वाक्य येतं: ‘आणि अचानक त्याला ती वेगळी वाटू लागली.’ अचानक का?

फिनलंडचे मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड वेस्टरमार्क यांनी 1891 मध्ये मांडलं की लहानपणापासून एकत्र वाढलेल्या माणसांना एकमेकांबद्दल सहसा शारीरिक ओढ वाटत नाही. पुढे इस्राएलच्या किबुत्झमध्ये, म्हणजे सामूहिक वसाहतींत, एकाच गटात वाढलेली मुलं मोठेपणी आपापसांत क्वचितच लग्न करतात, असं अभ्यासकांना आढळलं. या सिद्धान्तावर वादही आहेत, पण कादंबरीकाराला यातून एक उपयोगी इशारा मिळतो. एका ताटात जेवलेल्या दोघांना प्रेमात पडायचं असेल, तर मधे परकेपणाचा एक तुकडा हवा. दोन-तीन वर्षांची शाळेची फारकत, घर बदलणं, एखादं भांडण मिटलंच नाही असं काही. मग परत बघताना ओळखीच्या माणसात अनोळखी काहीतरी दिसतं.

रेवाच्या घरच्यांनी दहावीनंतर अलकापुरीकडे फ्लॅट घेतला असं समजू. मिहिर तिला दोन वर्षांनी फाइन आर्ट्सच्या आवारात बघतो. ती कोणाशी तरी ठामपणे वाद घालतेय, आणि इतक्या मोठ्या आवाजात बोलणारी रेवा त्याने वाड्यात कधी ऐकलेली नाही. एवढं पुरे आहे.

नवरात्रातल्या गरब्यात नजरानजर होऊन प्रेम जुळवायचा मोह आवरा. बडोद्यात खरोखर जुळतात, मान्य, पण प्रत्येक दुसऱ्या गोष्टीतही जुळतात. गरबा हवाच असेल तर मैदानाबाहेर चपला सांभाळत बसलेल्याच्या बाजूने लिहा.

पायरी पाचवी: दोन रकान्यांची वही

सगळ्या पायऱ्यांतली हीच करण्यासारखी आहे. बाकीच्या सोडल्यात तरी ही करा.

जाड वही घ्या, डाव्या पानावर मिहिर, उजव्या पानावर रेवा. प्रत्येक महिन्याला तीन गोष्टी लिहा: त्याच्या आयुष्यात खरंच काय घडलं, त्याने तिला काय सांगितलं, आणि तिला खरं केव्हा, कोणाकडून कळलं. तिच्या बाजूलाही तेच. तिसरी नोंद सगळ्यात महत्त्वाची. बडोद्यातून टोरांटोला बातमी फक्त मिहिरच्या फोनवरून जात नाही. रेवाची आई आहे, मामी आहे, शाळेचा ग्रुप आहे, वाड्यातल्या काकू आहेत, आणि काकूंचं जाळं फोनपेक्षा पक्कं.

नमुना देतो. 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री नोटबंदी जाहीर झाली, ऐन लग्नसराईत. मिहिरच्या छापखान्यात पत्रिकांच्या ऑर्डरी थांबल्या, ठरलेल्या रकमा अडकल्या, फेब्रुवारीत ऑफसेट मशीन विकायची वेळ आली. डावं पान: मशीन गेलं, वडील दोन दिवस जेवले नाहीत. रेवाला सांगितलं: ‘काम जरा थंड आहे.’ सोबत बँकेसमोरच्या रांगेचा फोटो आणि एक विनोद. रेवाला कळलं: एप्रिलमध्ये, आईकडून, बोलता बोलता. उजवं पान: जानेवारीत रेवाचं नोकरीचं कंत्राट संपलं, ती संध्याकाळी एका दुकानात उभं राहून काम करतेय. मिहिरला सांगितलं: ‘दुसऱ्या टीममध्ये गेलेय.’ त्याला कळलं: कधीच नाही.

आता दोन्ही पानं समोर ठेवून फेब्रुवारीतला एक फोन लिहा. दोघांनाही लाज वाटतेय, दोघंही लपवताहेत, आणि दोघं अर्धा तास यंदाच्या उत्तरायणाबद्दल बोलतात. वारा कसा पडला होता, ऊंधियुं कोणी आणलं, जिलबी गार होती का. प्रेम, विरह, आठवण यांतला एक शब्द नाही. वाचकाला दोन्ही बाजू ठाऊक असतील तर हा फोन त्याला सोसवत नाही. माझ्या मते दूरच्या प्रेमाची कादंबरी म्हणजे असे सहा-सात फोन, आणि त्यांच्यापर्यंत पोचायला लागणारी बाकीची पानं.

मग निवेदन कोणाचं? दोघांची आलटून पालटून प्रकरणं हा लोकप्रिय मार्ग, पण पहिल्या कादंबरीत दोन आवाज वेगळे ठेवणं जड जातं. तिसऱ्या प्रकरणापासून दोघं सारखेच बोलायला लागतात. एकट्या मिहिरच्या बाजूने लिहा, हे बरं. मग रेवाचं उजवं पान फक्त तुमच्याकडे राहतं, आणि वाचकाला ते एखाद्या काकूच्या तोंडून, एखाद्या फोटोतल्या मागच्या भिंतीवरून, फोनवर मागे ऐकू येणाऱ्या दुकानाच्या घोषणेवरून कळत जातं. फेब्रुवारीचा तो फोनही चालतो, फक्त आधी एखादी घोषणा ऐकवून ठेवावी लागते. वही तरीही दोन्ही बाजूंची भरा. लपवलेलं पान लेखकालाच माहीत नसेल तर ते लपवलेलं नसतं, नुसतं रिकामं असतं.

2024 च्या ऑगस्टमधल्या विश्वामित्रीच्या पुराचंही असंच. नदीतल्या मगरी रस्त्यांवर आल्याचे व्हिडिओ जगभर फिरले. रेवाने मगर आधी बघितली आणि मिहिरचा ‘आम्ही ठीक’ नंतर वाचला, की उलट? क्रम बदलला की प्रकरण बदलतं.

पायरी सहावी: पत्रं आणि मेसेज पानावर उतरवताना

पानंच्या पानं चॅट छापू नका. खरी चॅट वाचायला कंटाळवाणी असते, अगदी स्वतःचीही. मेसेज पानावर यावा तो एवढ्यासाठी की वाचकाला असं काही माहीत आहे, जे तो मेसेज मिळणाऱ्याला माहीत नाही. नाहीतर ‘रात्रभर दोघं बोलत राहिले’ एवढं एक वाक्य पुरतं. टाइप करून पुसलेला मेसेज, पाठवलेल्यापेक्षा कितीतरी बोलका. पण तोही एकदाच वापरा.

जुन्या काळाची गोष्ट असेल तर पत्राचा कागद लक्षात घ्या. आंतर्देशीय पत्राला जागा मोजकी. खरं सांगायचं ते शेवटी आठवतं आणि मग घडीच्या कडेला, उभ्या बारीक अक्षरांत येतं. पोस्टकार्ड तर पोस्टमनपासून वाड्यातल्या पोरांपर्यंत सगळे वाचणार, म्हणून त्यातलं बोलणं वरवर सगळ्यांसाठी आणि आतून एकासाठी.

आणि खऱ्या आयुष्यातली पत्रं वापरणार असाल तर सावध. तुम्हाला आलेलं पत्र तुमच्या कपाटात असलं तरी त्यातल्या मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा असतो. परवानगी घ्या किंवा नवीन लिहा. नवीन लिहिलेलं बहुतेक वेळा जास्त चांगलं होतं. गाण्यांच्या ओळींचंही तेच: गीतकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क टिकतो, त्यामुळे प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर आवडत्या गाण्याचं कडवं टाकायचा बेत सोडलेला बरा.

पायरी सातवी: बडोद्याचं मराठी

पुस्तकी पुणेरी मराठीत बोलणारी दांडिया बाजारातली पात्रं खोटी वाटतात. आणि प्रत्येक वाक्यात गुजराती कोंबलं की ती विनोदी वाटतात. प्रमाण कानाने ठरवा. मुलांच्या आपापसातल्या बोलण्यात जास्त, आजीशी कमी, गुजराती शेजारणीसमोर सरळ गुजरातीच.

‘अगं, अगाशीत ये ना, पवन मस्त सुटलाय.’
‘आई ओरडेल.’
‘मासीला सांग मिहिर फिरकी धरणार आहे, मग नाही ओरडत.’

अर्थ कंसात देऊ नका, तळटीप तर नकोच. वाचक संदर्भाने समजून घेतो. समवयस्क दोघं अरे-अगं, तूच. रेवाच्या वडिलांना मिहिर काका म्हणेल आणि पुढे कितीही जवळीक झाली तरी अहोजाहोच करेल. पहिल्याच मसुद्यात एखादं प्रकरण मोठ्याने वाचून फोनवर रेकॉर्ड करा आणि बडोद्यातच वाढलेल्या कोणाला तरी ऐकवा. कुठे हसू आलं ते त्यांच्या तोंडावर दिसतं.

पायरी आठवी: बाकीची माणसं

थोडक्यात. खलनायक नको. रेवासाठी स्थळं बघणारी आई दुष्ट नसते. तिला पुण्याचं, इंदूरचं, ग्वाल्हेरचं स्थळ चांगलं वाटतं कारण ते खरंच चांगलं असतं. मागे राहिलेल्याला त्याचं स्वतःचं काम, कर्ज, मित्र, चुका द्या. तो नुसता वाट बघत बसला तर वाचक त्याच्यासाठी थांबत नाही. आणि मिहिरच्या छापखान्यात रेवाच्याच लग्नाची पत्रिका छापायला येते, हा प्रसंग तुम्हाला सुचलाच असेल. वाचकालाही तो छापखान्याचा पहिला उल्लेख आला तेव्हाच सुचलाय. टाळा.

पायरी नववी: शेवट कुठून काढायचा

विमानतळ, रेल्वे स्टेशन आणि पाऊस, तिन्ही बंद. दोघं एकत्र येतात की नाही हे ठरवण्याआधी वही उघडा. ‘कधीच नाही’ असं लिहिलेल्या नोंदी शोधा. वर रेवाच्या दुकानातल्या नोकरीची तशी एक होती. शेवटच्या भागात यातली एखादी नोंद उघडी पडू द्या, तीही क्षुल्लक वाटणारी, आणि ती उघडी पडल्यावर ही दोन माणसं काय करतील ते लिहा. लग्न, फारकत, मैत्री, जे निघेल ते. आधी शेवट ठरवून त्याच्याकडे पात्रांना हाकत नेलं की मधली दीडशे पानं ओढून ताणून भरावी लागतात.

हस्तलिखिताचं व्यवहारी

पहिल्या कादंबरीला पन्नास ते साठ हजार शब्द पुष्कळ. छापील पानावर साधारण अडीचशे-तीनशे शब्द बसतात, म्हणजे दोनशेच्या आसपास पानं. पहिल्यापासून युनिकोडमध्ये टाइप करा, कीबोर्ड इन्स्क्रिप्ट असो वा फोनेटिक. जुन्या फॉन्टमधला मजकूर बदलून घेताना जोडाक्षरं आणि रफार हमखास फुटतात आणि मुद्रितशोधनाचा खर्च दुप्पट होतो. फाइल मेलवर स्वतःलाच पाठवत राहा.

पैसे घेऊन पुस्तक छापून देणारे बरेच भेटतील. त्यात वाईट काही नाही, पण करार वाचा: प्रती किती, उरलेल्या प्रती कोणाच्या, पुढच्या आवृत्तीचे आणि ई-बुकचे हक्क कोणाकडे. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, भारतात सरकारी संस्थेकडून विनामूल्य मिळतो. त्याच्या नावाखाली कोणी वेगळी रक्कम मागत असेल तर कशाची ते विचारा. आख्खी कादंबरी पाठवण्याआधी त्यातलं एक प्रकरण कथेसारखं सुटं करून दिवाळी अंकाला देऊन बघता येतं. अंकांची जुळवाजुळव दिवाळीच्या काही महिने आधीच सुरू होते, त्यामुळे श्रावण येईपर्यंत थांबू नका.

पहिले वाचक कोण? नातेवाईक नकोत, ते स्वतःला शोधत बसतात. बडोद्यात मराठी वाचणाऱ्यांचा तुटवडा नाही. मराठी वाङ्मय परिषद इथे आहे आणि 2018 मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही याच शहरात भरलं होतं. तीन जण पुरेत: एक बडोद्यात राहिलेला, एक परदेशी गेलेला, आणि एक ज्याचा बडोद्याशी काही संबंध नाही. ‘कशी वाटली?’ असं विचारू नका, सगळे ‘छान’ म्हणतात. मिहिरने रेवाला काय सांगितलं नाही आणि तुम्हाला ते कोणत्या पानावर कळलं, एवढं विचारा. तिघांनी तीन वेगळी पानं सांगितली तर हरकत नाही. कोणालाच सांगता आलं नाही, तर पाचव्या पायरीकडे परत जा.